तळटीप : मजकुरातले ‘ठोमरे’

ठोमरे म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे ऊर्फ बालकवी. जन्म १३ ऑगस्ट १८९०, धरणगाव (खानदेश).

१९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले. सोळा-सतरा वर्षांच्या या मुलाने तिथे कविता म्हटल्या आणि जाणती मंडळी चकित झाली. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर पुढे त्याला अहमदनगरला आपल्या घरीच ठेवून घेतले.

हा शेवटचा तपशील नीट पाहावा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. त्या काळी हिंदू घरातल्या मुलाने अशा बिऱ्हाडी राहणे-जेवणे म्हणजे मोठेच धाडस. ठोमरे हिंदूच राहिले, आणि टिळक दांपत्याने त्यांच्यावर घरच्या मुलासारखी माया केली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा हळवा तरुण जितका जिवंत भेटतो, तितका एखाद्या रीतसर चरित्रातही क्वचितच भेटेल.

५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे सत्तावीस. ‘औदुंबर’, ‘फुलराणी’, ‘श्रावणमास’ या साऱ्या कविता एवढ्याशा आयुष्यातल्या. मात्र त्यांना केवळ निसर्गात रमलेला आनंदी कवी मानणे अपुरे आहे. ‘पारवा’ आणि ‘खेड्यातील रात्र’ यांतली उदासी त्याच लेखणीची आहे.

टिळक पुढच्याच वर्षी, मे १९१९मध्ये वारले.