रमाबाई, पंडिता : शंका, भीती आणि श्रद्धा

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांची ख्रिस्तश्रद्धा प्रश्न विचारतच वाढली. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्यासारखे सिद्धांत त्यांनी मुकाट्याने स्वीकारले नाहीत. गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून त्या निकराने वाद घालत राहिल्या.

कसोटी लागली ती पुण्यात. १८८९ मध्ये मुंबईत विधवा-मुलींसाठी काढलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी त्यांनी इथे हलवले. मुली ख्रिस्ती होतील या धास्तीने १८९३ मध्ये वादळ उठले; समाजसुधारक रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी मात्र आपली प्रार्थना दाराआड नेली नाही. हे धैर्य असामान्यच म्हटले पाहिजे.

मध्य प्रांतात १८९६–९७ चा दुष्काळ पडला. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच उपासमारीने गेले होते, त्यामुळे भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होते. तरी त्या तिकडे गेल्या आणि निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना सोलापूरच्या लोहमार्गावरील केडगावच्या शेतजमिनीवर नेले. तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले त्यांचे बायबल याच सदनातल्या छापखान्यात स्त्रियांनी छापले.