घरात बाया पाच, शेवटचा शब्द कोणाचा?

आज इतिहासाबद्दल बोलू या. पण राजा-महाराजांच्या नाही, टीव्हीवरच्या मालिकांच्या. तुम्ही म्हणाल, मालिकेला कसला आलाय इतिहास? पण आहे, आणि त्यात आपल्या गटाच्या कामाची गोष्ट आहे.

७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही हिंदी मालिका सुरू झाली. आपल्या देशातली ही पहिली मोठी कौटुंबिक मालिका. गटातल्या वयाने मोठ्या बायांना ती आठवत असेल. तेव्हा टीव्ही एखाद्याच घरी असायचा आणि सगळी आळी तिथं जमायची. मालिका जवळजवळ दीड वर्ष चालली.

तिची कल्पना आली मेक्सिको देशातून. तिथं मिगेल साबिदो यांनी लोकांना शिकवण देणाऱ्या मालिका काढल्या होत्या. त्यांची रीत सोपी होती. एक पात्र चांगल्या वाटेनं जाणारं, एक चुकीच्या वाटेनं जाणारं आणि एक मधेच घुटमळणारं. बघणाऱ्यानं आपलं आपण ठरवायचं, कुणासारखं व्हायचं. १९८३ मध्ये आपल्या माहिती व प्रसारण खात्याचे सचिव एस. एस. गिल मेक्सिकोला जाऊन हे पाहून आले. मग मनोहर श्याम जोशी यांनी ‘हम लोग’ लिहिली. सुरुवातीला भर कुटुंबनियोजनावर होता. पण लोकांना ते प्रवचन वाटलं. म्हणून पहिल्या तेरा भागांनंतर तो विषय मागे पडला, आणि बाईचं घरातलं स्थान, घरातली भांडणं हे विषय पुढे आले.

आता त्या घरातली माणसं मोजू. आजोबा, बाप बसेसर राम, लल्लू आणि नन्हे ही दोन मुलं. झाले पुरुष चार. आजी, आई भागवंती, बडकी, मझली आणि छुटकी या तीन मुली. झाल्या बाया पाच. म्हणजे डोकी मोजली तर बायांचंच पारडं जड. मुलीही एका साच्यातल्या नाहीत. बडकी समाजकार्यात, मझलीला सिनेमात जायचंय, छुटकीला डॉक्टर व्हायचंय.

पण खरी गंमत आहे ती आईची, भागवंतीची. नवरा दारू पिणारा. ती मात्र सगळं गिळून गप्प राहणारी. ज्यांनी मालिका केली, त्यांच्या मनात ती इशारा म्हणून होती. असं सोसत राहिलं तर काय होतं, हे दाखवायचं होतं. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, कोणतं पात्र अनुकरण करण्यासारखं वाटतं? तर अनेकांनी, त्यात बायांनीही, भागवंतीचं नाव घेतलं. ज्या वाटेनं जाऊ नये म्हणून ती दाखवली, तीच वाट लोकांना आदर्श वाटली.

असं का झालं असेल? मला वाटतं, सोसणारी ती चांगली बाई, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पडद्यावर तशी बाई दिसली की आपण डोळे पुसतो आणि म्हणतो, किती गुणाची! तिनं बोलायला हवं होतं, असं पटकन मनात येत नाही.

आणखी एक गोष्ट बघा. प्रत्येक भागाच्या शेवटी दोन शब्द सांगायला यायचे अभिनेते अशोक कुमार. माणूस मोठा प्रेमळ. लोकांनी पत्रं पाठवली ती चार लाखांच्या घरात. पण लिहिणारे पुरुष, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव पुरुष, आणि शेवटी सार सांगणाराही पुरुष. घरात बाया पाच, शेवटचा शब्द मात्र दादामुनींचा.

मग १९८५ मध्ये ‘रजनी’ आली. आपल्या मराठी नाट्यलेखक विजय तेंडुलकरांची लेक प्रिया तेंडुलकर त्यात रजनी झाली. साधी गृहिणी, पण गॅस सिलिंडरवाल्यापासून कुणालाही जाब विचारणारी. आणि १९८९ मध्ये ‘उडान’. पोलीस अधिकारी होणाऱ्या कल्याणीची ही गोष्ट कविता चौधरी यांनी स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात कामही केलं. ती बेतली होती त्यांच्या बहिणीवर, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्यावर. त्या पुढे २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला. इथं कथेत बाई, लिहिणारी बाई आणि तिच्यामागे खरं आयुष्यही बाईचंच.

आणि २००० नंतर सासू-सुनांच्या मालिका आल्या. त्यात तर बायाच बाया. नऊवारी काय, पैठणी काय! पण त्यांची लढाई बहुतेक वेळा स्वयंपाकघर, तिजोरीच्या किल्ल्या आणि दुसरी बाई यांच्यातच. संख्या वाढली, रिंगण मात्र लहान झालं.

म्हणून मला इतिहासातून एवढंच दिसतं. बाया किती हे मोजणं गरजेचं आहे, पण ते पुरेसं नाही. निर्णय कोण घेतं, जाब कोण विचारतं, शेवटचा शब्द कोणाचा, हेही मोजायला हवं.

हे आपल्या ग्रामपंचायतीलाही लागू आहे. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या. खुर्च्या मिळाल्या, ही लढून मिळवलेली गोष्ट, ती कमी लेखू नये. पण बाई खुर्चीवर बसते आणि कागदावर काय लिहायचं ते घरचा पुरुष ठरवतो, असं कुठं दिसलं की भागवंती आठवावी.

आज रात्री मालिका बघताना दोन रकाने आखा. एकात बाया किती बोलल्या ते लिहा, दुसऱ्यात बाईच्या निर्णयानं काय बदललं ते लिहा. मुलींना आणि मुलांनाही शेजारी बसवा. आणि पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या. आपण ठराव लिहितो त्याच वहीत तो चिकटवू या. मग त्याच वहीत आपल्या गेल्या तीन महिन्यांचे ठराव काढू, आणि बघू, कर्ज कुणाला द्यायचं हे खरंच आपण ठरवलं, की घरी विचारून आलो. बोलू या मोकळेपणानं. नमस्कार.