लेसर कोरणयंत्र
प्रकाशाच्या एकवटलेल्या झोताने लाकूड, ॲक्रिलिक, चामडे, काच यांवर अक्षरे व नक्षी कोरणारे, संगणकाच्या आज्ञेने चालणारे यंत्र. ट्रॉफी आणि नावाच्या पाट्या बनवणाऱ्या दुकानांत बहुधा कार्बन डायऑक्साइड लेसर असतो. तो बारामतीत जन्मलेल्या, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधला. नळीतून निघणारा सुमारे १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त झोत आरशांवरून वळत भिंगापाशी येतो आणि बारीकशा ठिपक्यात एकवटतो. तेथील पदार्थ क्षणात जळून वा वाफ होऊन उडतो. उघडा धातू हा झोत बहुतांशी परतवतो, म्हणून स्टीलवर फायबर लेसर वापरतात.

झोत डोळ्यांना दिसत नाही, हाच मोठा धोका. झाकण उघडताच लेसर बंद करणारा स्विच कधीही निकामी करू नये. उघड्या यंत्राजवळ त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा हवा; साध्या काळ्या गॉगलवर भरवसा ठेवू नये. पीव्हीसी आणि त्यापासून केलेले रेक्झिन यंत्रात मुळीच घालू नये: त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो फुप्फुसांना इजा करतो आणि यंत्राचे लोखंडी भागही गंजवतो. इतर पदार्थांचा धूरही पंख्याने बाहेर काढावाच लागतो. ॲक्रिलिक सहज पेटते. काम चालू असताना यंत्र सोडून जाऊ नये, अग्निशामक नळकांडे हाताशी असावे.