संगणकातील कचरा हटेना? आधी कारण शोधा

संगणक मंदावला, ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ अशी सूचना पडद्यावर झळकू लागली की आपण सफाईचे सॉफ्टवेअर चालवतो. ते काही मिनिटे फिरते, ‘काही फाइल्स काढता आल्या नाहीत’ असे सांगून थांबते आणि मोकळी जागा होती तेवढीच राहते. मुंबई-पुणे जुन्या महामार्गावरील लोधिवलीसारख्या गावात राहणाऱ्याला एवढ्यासाठी संगणक उचलून पनवेल वा खोपोली गाठणे परवडणारे नसते. शहरातही तंत्रज्ञ लगेच येतोच असे नाही. फाइल न हटण्याची कारणे मोजकीच असतात आणि ती क्रमाने तपासली तर बहुतेक वेळा घरीच उपाय सापडतो.

फाइल वापरात आहे

हे सर्वांत नेहमीचे कारण. एखादा प्रोग्राम फाइल उघडून बसला असेल, तर विंडोज ती सहसा पुसू देत नाही. ब्राउझरची खिडकी बंद केली तरी तो पार्श्वभूमीवर चालू राहू शकतो आणि त्याच्या तात्पुरत्या फाइल्स अडकून राहतात. सफाईपूर्वी सर्व प्रोग्राम बंद करावेत. फाइल कोणी धरून ठेवली आहे हे पाहण्यासाठी विंडोजमधील ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडावा आणि ‘सीपीयू’ विभागातील शोधचौकटीत फाइलचे नाव लिहावे. तिला धरून बसलेल्या प्रोग्रामचे नाव समोर येते.

त्यानंतर संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल, तर ‘शट डाउन’ केल्याने यंत्रणेचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सारे नव्याने सुरू होते.

अधिकार अपुरे आहेत

विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमधील फाइल्स साध्या वापरकर्त्याला काढता येत नाहीत. सफाईच्या सॉफ्टवेअरवर उजवी कळ दाबून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ हा पर्याय निवडावा. विंडोज ९८ पासून सोबत येणाऱ्या ‘डिस्क क्लीनअप’मध्ये आता त्यासाठी ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ असे स्वतंत्र बटण असते. नवी आवृत्ती बसवल्यावर मागे उरणारे ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे मोठे फोल्डर याच मार्गाने काढावे. ते हाताने पुसू गेल्यास परवानगी नाकारली जाते. घाई नसेल तर साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपणच काढून टाकते.

सॉफ्टवेअर मुद्दाम मागे ठेवते

कित्येकदा बिघाड नसतोच. अलीकडच्या तात्पुरत्या फाइल्स एखाद्या चालू कामाच्या असू शकतात, म्हणून अनेक सफाईची सॉफ्टवेअर त्यांना हात लावत नाहीत. कोणी चोवीस तासांची, तर कोणी आठवड्याची मर्यादा पाळते. ब्राउझरच्या साठवणीतील फाइल्स तर काढल्या तरी पुढच्या भेटीत पुन्हा तयार होतात. ‘पेजफाइल’ आणि ‘हायबरफाइल’ या काही गिगाबाइट जागा व्यापणाऱ्या फाइल्सही कचरा नव्हेत. पहिली स्मृतीला जोड देते, दुसरी संगणकाची निद्रावस्था सांभाळते.

नावाचा गुंता

मराठी वापरकर्त्यांना ही अडचण विशेष जाणवते. विंडोजमध्ये फोल्डरसह फाइलच्या संपूर्ण पत्त्याला पूर्वापार २६० चिन्हांची मर्यादा आहे आणि अनेक प्रोग्राम ती अजूनही पाळतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते. ‘लोधिवली’ हे चार अक्षरी नाव संगणकाच्या लेखी सात चिन्हांचे असते. फोल्डरात फोल्डर आणि प्रत्येकाला लांबलचक मराठी नाव असले की मर्यादा लवकर ओलांडली जाते आणि फाइल ‘सापडत नाही’. वरच्या फोल्डरांची नावे छोटी केली की ती पुसता येते. युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. अशा वेळी फाइल हाताने काढावी किंवा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यावी.

डिस्कमधील दोष आणि विषाणू

काम चालू असताना अचानक वीज गेली तर डिस्कवरील नोंदी बिघडू शकतात. फाइल दिसते, पण उघडतही नाही आणि पुसलीही जात नाही. ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘टूल्स’ विभागात जाऊन ‘चेक’ करावे. पण त्याआधी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

पुसलेली फाइल क्षणात परत येत असेल, तर विषाणूचा संशय घ्यावा. संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून तपासणी करावी. ‘शिफ्ट’ कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडल्यास त्याचा मार्ग मिळतो. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावरून विषाणू काढण्याची साधने विनामूल्य घेता येतात.

पुसले, तरी जागा नाही

हाताने पुसलेल्या फाइल्स ‘रिसायकल बिन’मध्ये पडून असतात. तो रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही. ‘सिस्टिम रिस्टोअर’च्या जुन्या नोंदीही बरीच जागा अडवतात.

सफाई करणाऱ्यापासूनही सावध

‘सीक्लीनर’ हे जगभर लोकप्रिय सॉफ्टवेअर. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक प्रोग्राम घुसवला. सप्टेंबरमध्ये प्रकार उघड झाला, तोवर तो सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचला होता. अधिकृत संकेतस्थळावरूनच ही आवृत्ती वितरित झाली होती. ‘तुमच्या संगणकात शेकडो दोष आहेत’ असे भेडसावणाऱ्या जाहिरातींतील सॉफ्टवेअर तर मुळीच घेऊ नये. ‘रजिस्ट्री’ साफ केल्याने वेग वाढतो हा दावाही फसवा आहे. तिथे चुकीची नोंद पुसली गेली तर विंडोज सुरू होणेच बंद पडू शकते.

सर्वांत मोठा धोका घाईचा. हट्टी फाइल निघत नाही म्हणून वैतागून सगळ्या चौकटींवर खूण केली जाते आणि त्यात ‘डाउनलोड्स’ फोल्डरही जाते. सातबाऱ्याचा उतारा, मुलांची गुणपत्रिका, विम्याची पावती या गोष्टी बहुतेकांच्या संगणकावर नेमक्या तिथेच असतात, आणि अशा सफाईत गेलेली फाइल ‘रिसायकल बिन’मध्ये सापडत नाही. म्हणून खूण करण्यापूर्वी यादी एकदा वाचावी. जी फाइल कशाची आहे हे कळत नाही, ती राहू द्यावी. काही मेगाबाइट जागा अडकून पडली तर नुकसान थोडे. कागदपत्र गेले तर तहसील कचेरीच्या आणि शाळेच्या फेऱ्या ठरलेल्या.