चौथ्या पडद्यावरचा गंधार

आजीच्या तंबोऱ्यासोबत मी पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार वाजवली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुझा गंधार चढा लागतोय रे." ट्यूनर तर हिरवा दिवा दाखवत होता. मग चूक कोणाची?

हिशेब करून पाहिला. खुली तार म्हणजे सा, तो 240 कंपनांचा धरला, तर तंबोऱ्यातून उमटणारा गंधार 300 च्या हिशेबाने येतो. गिटारच्या चौथ्या पडद्यावर तोच 302.4 होतो. कारण गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेले असतात. पेटीचंही तेच.

हे भांडण जुनं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँसारख्या गवयांच्या गळ्यातले स्वर मोजले. 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक काढलं. क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटीही घडवून घेतली. 1916 साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. भातखंड्यांना मात्र देवलांचं गणित पटलं नाही.

मला गणिताने चूक दाखवली, पण सूर दिला नाही. तार ओढली की सूर चढतो, उतरत नाही. म्हणून आता चौथा पडदा सोडून तिसऱ्यावर बोट ठेवतो आणि तार ओढत गंधारापर्यंत जातो. कुठे थांबायचं, ते कानाने ठरवायचं.

परवा आजी काहीच बोलली नाही. डोळे मिटून तंबोरा छेडत राहिली.