‘कॉमन सेन्स’मधील ‘कॉमन’

‘कॉमन सेन्स’ या इंग्रजी सामासिक पदासाठी मराठीत ‘व्यवहारज्ञान’ हा प्रतिशब्द रूढ आहे. ‘सामान्यज्ञान’ हा शब्दशः जवळचा पर्याय स्पर्धापरीक्षांनी निराळ्याच अर्थाने बळकावला. ‘व्यवहारज्ञान’ म्हणताना मात्र मूळ पदातील ‘कॉमन’ गळून पडते; आणि या पदाचा इतिहास हा मुख्यतः त्या विशेषणाच्या अर्थांतराचा इतिहास आहे.

ॲरिस्टॉटलच्या विवेचनात ‘कॉमन’ म्हणजे पाचही इंद्रियांना समाईक. गती, संख्या, आकृती यांचे ज्ञान कोणा एका इंद्रियाची मिरास नव्हे. ते समाईक संवेदनेचे क्षेत्र होय. (न्यायदर्शनातील ‘मन’ येथे आठवते, परंतु ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते, तेव्हा साम्य फार ताणू नये.) १६२१ साली रॉबर्ट बर्टनही ‘कॉमन सेन्स’ची गणना कल्पना व स्मृती यांच्यासह अंतरिंद्रियांतच करतो.

रोमन लेखकांच्या ‘सेन्सस कम्युनिस’ला समाजभानाची छटा होती. शाफ्ट्सबरीने १७०९ मध्ये तिचे पुनरुज्जीवन केले आणि ‘कॉमन’चा आश्रय एका देहातील इंद्रियांकडून एका समाजातील माणसांकडे सरकला. ह्यूमच्या संशयवादाला उत्तर देताना थॉमस रीडने १७६४ मध्ये याच पदाला तत्त्वज्ञानाचे अधिष्ठान दिले.

खरे वळण १७७६ चे. टॉमस पेनने आपल्या पुस्तिकेसाठी ‘उघड सत्य’ अशा अर्थाचे शीर्षक योजले होते. ‘कॉमन सेन्स’ हे नाव आपण सुचवले, असे बेंजामिन रश सांगतो. इंग्लंडपासून पूर्ण स्वातंत्र्य ही तेव्हा अमेरिकन वसाहतींतील सर्वांची धारणा मुळीच नव्हती. जे अद्याप समाईक नाही त्याला समाईक म्हणायचे आणि वाचकाला त्यात ओढून घ्यायचे, ही त्या शीर्षकाची करामत. येथे ‘कॉमन’ हे वर्णन नसून आवाहन आहे.

नेमकी हीच करामत समीक्षेतही चालते. कॅथरिन बेल्सी यांनी १९८० मध्ये पारंपरिक समीक्षेची स्वयंसिद्ध वाटणारी गृहीतके ‘कॉमन सेन्स’ म्हणूनच तपासली. ‘हे तर उघडच आहे’ असे आपला समीक्षक लिहितो तेव्हा तोही पेनचाच वारसा चालवीत असतो, फक्त पेनइतक्या जाणीवपूर्वक नव्हे.

ग्रामचीचे मराठी भाषांतर करताना ही अडचण टोकाला जाते. त्याच्या लेखी ‘सेन्सो कोमुने’ म्हणजे जुन्या-नव्या समजुतींचा विसंगत थर. त्यातील निरोगी गाभ्याला तो ‘बुओन सेन्सो’ म्हणतो. मराठीत ‘व्यवहारज्ञान’ हा प्रशंसेचा शब्द आहे. पहिल्या संज्ञेसाठी तो योजला की टीकेचे रूपांतर स्तुतीत होते आणि दुसरीसाठी शब्दच उरत नाही. तेथे ‘लोकसमज’ वापरावा, आणि ‘व्यवहारज्ञान’ दुसरीसाठी राखावे.