टेकडीवर नेणारी यंत्रे : प्राग, १८९१ ते २०१६

१/
जुलै २०१६. चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग. नगर परिषदेने एक निर्णय संमत केला आणि शहराच्या ऐतिहासिक भागातून एक दोन चाकी यंत्र हद्दपार झाले. अवघ्या पंधरा वर्षांपूर्वी हेच यंत्र जगभरातील शहरांचे रूप पालटून टाकील, असे भाकीत भल्याभल्यांनी केले होते. यंत्राचे नाव सेग्वे.

भाकीत का फसले, याचे उत्तर शोधताना प्रागच्याच टेकड्यांवर, १८९१ सालच्या एका प्रदर्शनापर्यंत मागे जावे लागते. त्याचा हा धागा.
#धागा #जगाचा_इतिहास

२/
आधी भूगोल. प्रागच्या मधून व्ल्टावा नदी वाहते. तिच्या डाव्या तीरावर राजवाड्यासह किल्ला उभा आहे. किल्ल्याच्या दक्षिणेस ३२७ मीटर उंचीची पेत्रीन टेकडी, तर दुसऱ्या अंगास लेत्नाचे पठार.

'पेत्रीन' हे नाव खडक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले, असे बाराव्या शतकातील बखरकार कोस्मास सांगतो. जुन्या प्रागमधील अनेक वास्तूंचा दगड याच टेकडीच्या खाणींतला आहे.

३/
चौदाव्या शतकात सम्राट चौथ्या चार्ल्सने पेत्रीनवर तटबंदी उभारली (१३६० ते १३६२). तिला आजही 'भुकेची भिंत' म्हणतात. दुष्काळात गोरगरिबांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावे, म्हणून राजाने ती बांधून घेतली, अशी लोकश्रुती आहे. आपल्याकडील दुष्काळी कामांची आठवण व्हावी, अशीच ही कथा.

म्हणजे शतकानुशतके ही टेकडी खाणीची, द्राक्षमळ्यांची आणि तटाची होती. लोक वर जात ते कामासाठी.

४/
किल्ला आणि पेत्रीन यांच्या मधल्या उंचवट्यावर स्त्राहोव मठ आहे. त्याची स्थापना ११४३ मधली. मठाखालच्या उतारावरून साऱ्या प्रागचे दर्शन घडते : लाल कौलांची छपरे, चर्चचे मनोरे, नदी आणि तिच्यावरील पूल.

प्रागमध्ये सेग्वेवरून सहलीला निघालेल्या पर्यटकांचे छायाचित्रासाठी थांबण्याचे आवडते ठिकाण पुढे हेच ठरले. पण त्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या यंत्रांकडे वळू.

५/
केवळ दृश्य पाहण्यासाठी टेकडी चढणे, ही रीत सर्वसामान्यांत रुजली ती एकोणिसाव्या शतकात. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. १८८८ मध्ये तेथे 'चेक पर्यटक मंडळ' स्थापन झाले. पुढल्याच वर्षी मंडळाचे सदस्य पॅरिसला गेले आणि नुकताच उभा राहिलेला आयफेल मनोरा पाहून भारावून परतले. आपल्याही शहरात असा मनोरा हवा, ही कल्पना तेथे जन्मली.

६/
संधीही चालून आली. १८९१ मध्ये प्रागला भव्य औद्योगिक प्रदर्शन भरायचे होते. बोहेमियातील जर्मनभाषक उद्योजकांनी त्यातून अंग काढून घेतले. मग हे प्रदर्शन चेक समाजाच्या कर्तृत्वाचाच उत्सव बनले.

साहजिकच त्या वर्षी जे जे उभे राहिले, त्याला स्वाभिमानाची धार होती. पेत्रीनचा सुमारे ६० मीटर उंचीचा पोलादी मनोरा पाच-सहा महिन्यांत बांधून झाला आणि २० ऑगस्ट १८९१ रोजी खुला झाला. वर जाण्यासाठी पायऱ्या २९९.

७/
पण मनोऱ्यापर्यंत पोहोचायचे कसे? त्यासाठी २५ जुलै १८९१ रोजी दोराने चालणारी रेल्वे सुरू झाली. सप्तशृंगी गडावर आज जी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्याच कुळातली.

तिची शक्ती होती पाणी. दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले असत. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे. जड झालेला डबा खाली येई आणि दुसऱ्याला वर ओढून नेई. तळाशी पाणी सोडून दिले, की तोच डबा पुन्हा हलका.

८/
त्याच जुलैमध्ये, लेत्नाच्या पठारावर आणखी एक नवल घडले. अभियंता फ्रान्तिशेक क्रिझिक यांनी १८ जुलै १८९१ रोजी प्रागमधली पहिली विजेवरची ट्राम चालवली. लेत्नाच्या दोर-रेल्वेच्या वरच्या टोकापासून प्रदर्शनाजवळच्या उद्यानापर्यंत. मार्गाची लांबी एक किलोमीटरही नव्हती.

शहरात तेव्हा घोड्यांच्या ट्राम होत्या. विजेची ट्राम म्हणजे प्रदर्शनाला आलेल्यांसाठी एक गंमत, जत्रेतला पाळणाच जणू.

९/
पुढे मात्र या गमतीने शहर जिंकले. नगरपालिकेने विजेच्या ट्रामचे जाळे विणले. मे १९०५ मध्ये प्रागमधली घोड्यांची शेवटची ट्राम थांबली.

तो शेवटचा मार्ग ऐतिहासिक चार्ल्स पुलावरून जाणारा होता. त्यावर विजेची ट्राम आली खरी, पण १९०८ मध्ये पुलावरील ट्राम बंद करण्यात आली. लाडक्या यंत्रालाही 'येथे नको' असे सांगण्याची या शहराची रीत शतकभराहून जुनी आहे. फरक इतकाच, की ट्रामला जायला इतरत्र स्वतःचे रूळ होते.

१०/
पेत्रीनच्या रेल्वेचे भाग्यही असेच. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती बंद पडली. १९३२ मध्ये लांबी वाढवून आणि विजेवर चालणारी होऊन परत आली. १९६५ मध्ये दरड घसरल्याने पुन्हा थांबली आणि तब्बल वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, पुन्हा धावू लागली. पुढे कितीतरी वर्षे बस-ट्रामच्या साध्या तिकिटावर कोणालाही तिने वर जाता येत असे.

मेळ्यासाठी आलेली यंत्रे अशा रीतीने नित्याची झाली.

११/
आता ११० वर्षे पुढे. ३ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर संशोधक डीन केमन यांनी एका यंत्रावरील पडदा दूर केला. सारे वर्षभर त्याविषयी अफवांना ऊत आला होता. हे यंत्र संगणकाइतके महत्त्वाचे ठरेल, येथपर्यंत चर्चा गेली होती. स्वतः केमन यांच्या मते घोडागाडीच्या जागी जशी मोटार आली, तसे शहरांच्या गाभ्यात मोटारीच्या जागी सेग्वे येणार होता.

१२/
यंत्र विलक्षण होते, यात शंका नाही. दोन चाके, पण सायकलसारखी एकामागे एक नव्हेत, शेजारी शेजारी. मध्ये उभे राहण्याची फळी.

तळहातावर उभी काठी तोलताना काठी जिकडे झुकेल तिकडे आपण हात सरकवतो. सेग्वेचे तत्त्व तेच. स्वार पुढे झुकला, की जायरोस्कोप आणि कलमापक ते क्षणात टिपतात आणि चाके पुढे धावून तोल सावरतात. मागे झुकले की वेग मंदावतो. कमाल वेग ताशी २० किलोमीटर.

१३/
या तोलाचा उगम अधिक हृद्य आहे. केमन यांनी आधी 'आयबॉट' नावाची चाकांची खुर्ची घडवली होती. ती दोन चाकांवर उभी राहून बसलेल्याला उभ्या माणसाच्या नजरेइतके उंच उचलीत असे आणि पायऱ्याही चढत असे.

पुढे अमेरिकेत युद्धात जखमी झालेल्या अनेक सैनिकांना सेग्वे देण्यात आले. ज्यांना चालणे कठीण, त्यांच्यासाठी ते खेळणे नव्हते.

१४/
बाजारात मात्र निराळेच घडले. किंमत सुमारे ५,००० डॉलर. त्या पैशांत भारतात तेव्हा छोटी मोटार येत असे. २००३ मध्ये एका दोषामुळे विकलेले सारे सेग्वे दुरुस्तीसाठी परत मागवावे लागले, तेव्हा जगाला कळले की ते जेमतेम ६,००० होते.

किमतीहून बिकट प्रश्न जागेचा होता. पदपथावर ते वेगवान, रस्त्यावर दुबळे. सॅन फ्रान्सिस्कोने २००२ मध्येच त्यांना पदपथावर मज्जाव केला. ब्रिटनमध्ये १८३५ सालचा कायदा त्यांच्या आड आला.

१५/
मग सेग्वेला आश्रय मिळाला तो पर्यटनात. विकत घेणे परवडत नसले, तरी दोन तासांसाठी भाड्याने घेणे परवडते. पाच-दहा मिनिटांचा सराव, डोक्यावर शिरस्त्राण, पुढे वाटाड्या आणि मागे बदकाच्या पिलांसारखी पर्यटकांची रांग, हे दृश्य युरोपातील बहुतेक ऐतिहासिक शहरांत दिसू लागले.

चढाची शहरे तर यासाठी सोयीचीच. ज्या टेकडीवर पायी जाताना धाप लागते, तेथे सेग्वे बोलत बोलत नेतो.

१६/
चढणीवर या यंत्राची खरी करामत दिसते. जमीन तिरकी असली, तरी उभे राहण्याची फळी समतल राहते. उतारावर मोटारच जनित्राचे काम करते, वेग रोखते आणि मिळालेली वीज बॅटरीत भरते.

म्हणूनच काठोकाठ भरलेली बॅटरी घेऊन थेट लांब उतारावर निघू नये, असा नियम आहे. नवी वीज साठवायला जागाच उरत नाही. स्वाराच्या वजनालाही मर्यादा आहे : किमान सुमारे ४५ आणि कमाल सुमारे ११८ किलो.

१७/
प्रागमध्ये अशा फेऱ्यांचा व्यवसाय झपाट्याने फोफावला. पण जुन्या प्रागचे पदपथ अरुंद आहेत, गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आणि चढणीच्या. शिवाय ते शहर म्हणजे संग्रहालय नव्हे. तेथे माणसे राहतात, म्हातारी माणसे बाजाराला जातात, मुले शाळेतून परततात.

स्वारासह शंभर-सव्वाशे किलोंचे यंत्र मागून अचानक आले की दचकणार चालणाराच. रहिवाशांच्या तक्रारी वाढत गेल्या.

१८/
यातील विरोधाभास कायद्यात होता. चेक कायद्याच्या लेखी सेग्वेवरचा स्वार वर्षानुवर्षे 'पादचारी'च होता! फेब्रुवारी २०१६ मध्ये कायदा बदलला. अशा यंत्रांसाठी स्वतंत्र वर्ग निर्माण झाला, पदपथावर चालण्याच्या वेगानेच जाण्याचे बंधन आले आणि कोठे बंदी घालायची हे ठरविण्याचा अधिकार नगरांना मिळाला.

जुलैमध्ये प्रागने तो अधिकार वापरला. वर्षअखेरीपर्यंत बंदीचे फलक लागले.

१९/
व्यावसायिकांनी विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. वाटाड्यांचा रोजगार बुडत होता, आणि मूठभर बेशिस्तांची शिक्षा सर्वांना का, हा प्रश्न रास्त होता. जिला दम लागतो पण मठापाशी जाऊन शहर पाहायचे आहे, अशा एखाद्या आजीला सेग्वेने सुख दिलेही असेल.

पण रुंदी वाढू न शकणाऱ्या गल्लीत एकाची मौज आणि दुसऱ्याचे निर्धास्त चालणे यांत निवड करावी लागली. शहराने चालणाऱ्याची बाजू घेतली.

२०/
१५ जुलै २०२० रोजी सेग्वेचे उत्पादन थांबले. जवळपास दोन दशकांत सुमारे १,४०,००० यंत्रे विकली गेली होती.

१८९१ ची ट्राम प्रदर्शनातील गंमत म्हणून आली आणि शहराचे वाहन झाली. २००१ चा सेग्वे शहराचे वाहन म्हणून आला आणि सहलीतील गंमत होऊन गेला. तंत्र दोघांचेही अस्सल होते. ट्रामने स्वतःची वाट आखून घेतली आणि एका फेरीत अनेकांना सामावले. सेग्वे एकट्याला नेत होता, आणि तोही चालणाऱ्यांच्या वाटेवरून.

२१/
स्त्राहोवचे दृश्य आजही तसेच आहे. तेथे पोहोचण्यासाठी क्रमांक २२ ची ट्राम किल्ल्याच्या पाठीमागून वळणे घेत वर चढते आणि पोहोर्झेलेत्स थांब्यावर उतरवते. पुढे मठापर्यंत चालायला काही मिनिटे पुरतात.

त्या ट्राममध्ये पर्यटक असतात, तसे बाजारहाट करून घरी निघालेले प्रागकरही असतात. सर्वांचे तिकीट एकच. क्रिझिक यांनी लेत्नावर चालवलेल्या त्या चिमुकल्या ट्रामची ही पणती.